टीपकागदाखालची वेणी

१

शेवाळ कागदावर चिकटवायला गोंद लागत नाही. हे सांगितलं की लोक मान डोलावतात आणि जाताना हळूच विचारतात, "पण गोंद कुठला वापरता?" म्हणून मी सांगणंच सोडलंय. तुम्हाला सांगतो, कारण तुम्हाला उलट विचारता येणार नाही.

पांढरा उथळ ट्रे घ्यायचा. त्यात दोन बोटं पाणी. शेवाळ सोडलं की ते उलगडतं. हातात चिंधी असते, पाण्यात तिचं झाड होतं. मग खालून जाड कागद सरकवायचा, कुंचल्याने फांद्या मोकळ्या करायच्या आणि कागद एका कडेने सावकाश उचलायचा. पाणी ओघळून जातं, शेवाळ कागदावर बसतं. वर मलमलीचा तुकडा, खालीवर टीपकागद, आणि ती चवड लाकडी दाबात घालून स्क्रू आवळायचे. टीपकागद रोज बदलायचे. वाळता वाळता शेवाळ आपल्याच चिकाने कागदाला धरतं. शेवटी मलमल सोलून काढली की झालं.

एकदा दाबात गेलं की ते हलत नाही. हलायला जागाच नसते. एवढं ध्यानात ठेवा.

समुद्राला खेटून असलेल्या एका प्रयोगशाळेत मी आयुष्यभर हे काम केलं. वर कपाटांची खोली, डांबरगोळ्यांच्या वासाची. तिथे वाळलेल्या शेवाळांचे कागद खणांत पडलेले. शेजारी माझी कामाची खोली: ट्रे, दाब, आणि कितीही आवळला तरी ठिबकणारा एक नळ. खाली मागच्या बाजूला माझी राहायची खोली. तोंडावर सगळे मला काका म्हणतात, पाठ वळली की खारट. मला दोन्ही चालतं.

वरची साहेब म्हणजे बाई. वयाने माझ्या मुलीएवढी. डॉक्टर आहे, पण शेवाळाची. एकदा मला ताप भरला तेव्हा तिच्याकडे गेलो, तर म्हणाली, "काका, तुम्हाला फांद्या असत्या तर काहीतरी सांगितलं असतं." बाई हुशार आहे. माझ्यावर ओरडते तेव्हा बहुतेक वेळा तिचंच बरोबर असतं, म्हणून जास्त राग येतो.

२

आमची ही शेवाळ गोळा करायची. प्रयोगशाळेनेच तिला ठेवली होती. ओहोटीला खडकांवर जायची, बादली भरून आणायची. मी पाण्यात पाय घालत नाही. पोहता येत नाही मला, आणि शिकायचंही नव्हतं. ती आणणार, मी लावणार, असा आमचा संसार.

दुपारी ती ट्रेच्या पलीकडे बसायची, मी अलीकडे. ती वाकली की मला दिसायचा तिचा भांग. तिचा चेहरा मी आयुष्यात किती वेळ बघितला, कोण जाणे. भांग मात्र पाठ आहे. सरळ यायचा आणि कपाळाजवळ जरासा डावीकडे ढळायचा. मी बघत राहिलो की तिला कसं कळायचं देव जाणे. मान सावकाश वर करायची आणि विचारायची, "काय आहे?"

मी म्हणायचो, "काही नाही. काम कर."

तिला एक खोड होती. मी नमुना लावला की ती डोक्यातला आकडा काढून त्याच्या फांद्या विंचरायची. मधोमध भांग पाडायची.

"पोरीची वेणीफणी करतेयस का नमुना लावतेयस?" मी खेकसायचो.

"तुम्ही लावलेला मेल्यासारखा दिसतो," ती म्हणायची. "जरा माणसात आणते."

एका सकाळी मुलगी शाळेचा गणवेश घालून पायरीवर बसली होती. मुलीला आम्ही भिंगरी म्हणायचो, एका जागी टिकायची नाही म्हणून. केसांना मात्र निमूट बसायची. ही तिच्या वेण्या घालत होती. एक घालून झाली. मग हिने समुद्राकडे बघितलं, पाणी परतायच्या आत खडक गाठायचा होता, आणि ती उठली.

"आई, दुसरी?" भिंगरी म्हणाली.

"आल्यावर घालते. बस इथेच."

आली नाही. बादली सापडली, पार टोकाच्या खडकावर. अर्धी भरलेली, नीट उभी. बाकी समुद्राने काही परत दिलं नाही. भिंगरी दिवसभर त्या पायरीवर बसून होती, एका बाजूला वेणी, दुसऱ्या बाजूला मोकळे केस. कुणाला हात लावू देईना.

मला वेणी घालता येत नव्हती. बरेच प्रयत्न केले, नुसता गुंता व्हायचा, तीही रडायची आणि मीही. शेवटी न्हाव्याकडे नेऊन केस कापून आणले. तेव्हापासून तिने ते वाढवले नाहीत. आता तिचं स्वतःचं घर आहे, समुद्रापासून लांब. जावई भला माणूस आहे, कमी बोलतो, त्यामुळे मला आवडतो. भिंगरी दर फोनला एकच म्हणायची, "बाबा, आई गेली. आता चला इकडे."

मी म्हणायचो, "गेली हे खरं. पुढचं कुणी बघितलंय?"

बुडाली म्हणणारे म्हणोत. बुडणारा माणूस बादली नीट उभी करून ठेवत नाही. म्हणून मी ती खोली सोडली नाही. यायचीच झाली तर तिला पत्ता तोच माहीत होता.

३

वादळ होऊन गेल्यावर समुद्र एक दिवस नेहमीपेक्षा फार मागे हटला. बाई त्या टोकाच्या खडकापर्यंत चालत जाऊन आली. तिच्या डब्यात लाल शेवाळ होतं. लाल म्हणजे काळ्याकडे झुकणारं, आणि केसासारखं बारीक. तिने ते ट्रेत सोडलं आणि त्यावर वाकून राहिली.

"काका, हे आपल्या कपाटात नाही."

"शोधा नीट. तुम्हाला मागच्या वेळी चष्मा सापडत नव्हता."

तिने सगळे खण उपसले. जवळपास दिसणारा एकेक कागद काढून शेजारी ठेवला. ब्लेडने पातळ चकत्या कापल्या, काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास बघितल्या. चिमूटभर तुकडा लांबच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला, कूळ तपासायला. उत्तर आलं: ओळखीच्या कुठल्याच घरचं नाही.

त्या दिवशी बाईने स्वतः चहा केला. वाईट झाला होता, पण प्यायलो.

"आता वर्णन लिहायचं," ती म्हणाली. "उंची, रंग, फांद्या, मादी, नर. आणि एक कागद निवडायचा, मूळ नमुना म्हणून. नाव त्या एका कागदाला बांधलेलं असतं, काका. पुढे कधीही कुणाला शंका आली की तो कागद काढून बघायचा. तो जाईल मोठ्या संग्रहालयात. बुंध्यासकट असलेला चांगला नमुना आपल्याकडे एकच आहे. जीव लावून लावा."

"मी सगळेच जीव लावून लावतो."

"अडचण एकच आहे. सगळ्या माद्या आहेत. नर मिळत नाही."

"बुडाला असेल."

"बुडत नाही, पण पोहताही येत नाही त्याला," बाई हसली. "लाल शेवाळात नराच्या बीजाला शेपूटच नसतं. नुसतं वाहत जातं. म्हणून मादी एक बारीक केस पाण्यात सोडून ठेवते. लाटेबरोबर येऊन तो केसाला लागला तर लागला."

"आणि नाही लागला तर?"

"मग काय. केस सोडून वाट बघायची."

माझा चहा गार झाला. बाईने तेवढ्यात दुसरं काढलं. ती काही वेळा फार सरळ बोलते.

"काका, नाव मी काकूंचं देणार होते. त्या खडकावर आधी कोण जात होतं, त्याच ना? तुमची हरकत नसेल तर."

"मेलेल्यांची नावं देतात."

"जिवंत माणसांचीही देतात."

"मग आल्यावर तिलाच विचारा," मी म्हटलं आणि ट्रे धुवायला घेतला.

४

तो एकुलता नमुना मी लावला. फांद्या पंख्यासारख्या पसरल्या, एकीवर एक येऊ दिली नाही. मलमल घातली, टीपकागद घातला, स्क्रू आवळले.

दुसऱ्या दिवशी टीपकागद बदलायला चवड उघडली. मलमल पातळ असते, खालचं दिसतं. पंखा नव्हता. मधोमध रेघ होती. फांद्या तिच्या दोन्ही बाजूंना नीट बसवलेल्या, आणि वरच्या टोकाला रेघ जराशी डावीकडे ढळलेली.

मी बसलो. नळ ठिबकत होता.

मग स्वतःला समजावलं. चवड ठेवताना कागद सरकला असेल. मलमलीला घडी पडली असेल, तिची ओळ उमटली असेल. माझे डोळे पूर्वीचे राहिले नाहीत, आणि ज्याला जे बघायचं असतं ते त्याला ढगातही दिसतं. हे सगळं मी मोठ्याने बोललो, म्हणजे पटावं. पटलं. नवे टीपकागद घातले आणि स्क्रू आदल्या दिवसापेक्षा घट्ट आवळले.

निघताना दाबातून आवाज आला. लाकूड ओलं झालं की कुरकुरतं, ते मला ठाऊक आहे. हा कुरकुरण्याचा नव्हता. ओल्या केसांतून फणी फिरते तसा होता, लांबलचक, वरून खालपर्यंत. मग थांबला, जसं गुंत्यापाशी थांबतात. मग पुन्हा.

खरं सांगायचं तर मी घाबरलो नाही. दाराशी उभा राहून ऐकत राहिलो. किती वर्षांनी त्या खोलीत कुणीतरी आपल्या कामाला लागलं होतं.

५

पुढच्या दिवशी भांगाच्या डाव्या बाजूच्या फांद्या तीन झुबक्यांत होत्या. त्याच्या पुढच्या दिवशी पेड घातले होते. मग एक दिवस मलमल सोलली, आणि कागदावर वेणी होती. बारीक, घट्ट, माझ्या करंगळीएवढी. शेवटाला शेवाळाचाच एक धागा गुंडाळलेला. उजवी बाजू तशीच मोकळी.

बाईने बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, ही काय चेष्टा?"

"मी नाही केली."

"मग मी केली? या खोलीची किल्ली कुणाकडे असते? एकच नमुना आहे आपल्याकडे. जगात एकच. त्याची तुम्ही वेणी घातलीत?"

"मला वेणी घालता येत नाही."

"काका." तिचा आवाज एकदम मऊ झाला. तो मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटला. "माणसाच्या हातून नकळत होतं कधी कधी. मी रागावले नाही. वाळलेलं शेवाळ पुन्हा भिजतं. कागद पाण्यात घाला, सुटेल, नव्याने लावा. पुढच्या आठवड्यात पाठवायचाय."

खाली खोलीत आलो. मला माझी खात्री करून घ्यायची होती. सुतळीचे तीन तुकडे खिळ्याला बांधले आणि वेणी घालायला बसलो. हात आपोआप करतात का बघावं म्हणून डोळेही मिटून बघितले. गाठ झाली. पुन्हा केलं, पुन्हा गाठच. कात्रीने कापावी लागली. म्हणजे मी नव्हतो.

आता हे बाईला सांगायचं कसं? सुतळी दाखवायची? मी सांगितलं नाही. कागदही भिजवला नाही. आज करतो, उद्या करतो म्हणून टाळत राहिलो. वेणी सोडवायची म्हणजे तिने घातलेली सोडवायची. इतक्या वर्षांनी तिचा हात कुठेतरी लागला होता, तोही माझ्याच कागदावर, माझ्याच दाबात. मी रोज टीपकागद उचलायचो आणि बघायचो. म्हातारा माणूस, पण आरशासमोर उभा राहून दाढी करायला लागलो होतो. हसायचं तर हसा.

बाईने मात्र भिंगरीला फोन केलाच.

६

भिंगरी दुपारी गाडी घेऊन आली. आल्या आल्या खोलीभर फिरली, खिडकीतून समुद्राकडे एकदा बघितलं आणि पाठ फिरवली.

"चार दिवसांसाठी चला," ती म्हणाली.

"चार दिवसांसाठी एवढी मोठी बॅग?"

"तुमचे स्वेटर जाड आहेत."

"खोटं बोलताना तुझ्या आईसारखी दिसतेस."

"बाबा, बाईंनी मला सांगितलं." ती माझ्याशेजारी बसली. केस कानाच्या वर कापलेले, त्यांत पांढरे दिसू लागलेले. "वेणीचं. तुम्ही एकटे राहून राहून... मी काय म्हणते, नाव देऊ दे त्यांना आईचं. कुठेतरी तिची खूण राहील. तुम्ही नाही म्हणता म्हणून ती परत येणार आहे का?"

"आलीय," असं माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं.

"बॅग भर," मी म्हटलं. "तोवर मी वरचं काम संपवतो. कागद भिजवायचाय."

"आणि मग चलायचं?"

"बघू."

"बघू नाही. आज हो किंवा नाही सांगायचं. मला दर वेळी हा समुद्र बघवत नाही."

बाई बाहेर गेली होती. वर कुणी नव्हतं. जिना चढताना मी ठरवत होतो. हिने काही खूण केली तर राहायचं, मग भिंगरीने कितीही रडारड केली तरी. नाही केली तर बॅगेमागून निघायचं.

७

खिडकीतून ऊन थेट ट्रेवर पडत होतं. पाणी ओतलं, दोन बोटं. कागद वेणीसकट पाण्यात सोडला.

आधी काही झालं नाही. मग रंग फुगायला लागला. वाळलेला काळपटपणा गेला, लाल आलं. शेवाळ कागदापासून सुटलं. सवयीने मी कागद खाली तसाच ठेवला, दोन्ही कडा बोटांत धरून. मोकळी बाजू पसरली. पसरतच गेली. एवढ्याशा नमुन्यात एवढे केस नव्हते, हे मला कळत होतं, पण हात काढवत नव्हते.

दोन बोटं पाण्याखाली ट्रेचा पांढरा पत्रा असतो. मला तो दिसला नाही. कागदही दिसला नाही, नुसता बोटांना लागत होता. खाली खोल होतं आणि हिरवट होतं, आणि केस वरून दिसत होते, खाली वाकून बसलेल्या माणसाचे दिसतात तसे. मधोमध भांग. सरळ आलेला, कपाळाजवळ डावीकडे ढळलेला. भांगातली कातडी पांढरी होती, फार दिवस पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी सुरकुतलेली.

मी बघत राहिलो. आणि मी बघतोय हे तिला कळलं.

मान सावकाश वर यायला लागली. केसांच्या खाली कपाळाची कड दिसली. मी आयुष्यात तिला नावाने हाक मारली नव्हती. आताही तेच तोंडातून आलं.

"अगं," मी म्हटलं. "अगं, इकडे."

कपाळ आणखी थोडं वर आलं. भुवईची सुरुवात दिसली. मी ट्रेवर आणखी वाकलो.

"बाबा!" जिन्यावरून भिंगरीचा आवाज आला. "तुमचा तो तपकिरी मफलर घ्यायचा का टाकायचा?"

डोकं थांबलं.

मग वळलं. माझ्याकडे येता येता ते दाराकडे वळलं, जिथून आवाज आला तिकडे. वेणी माझ्या बाजूला आली, आणि पलीकडच्या बाजूचे मोकळे केस पाण्यातून उठून ट्रेच्या कडेवर आले. तिथून खाली लोंबले नाहीत. दाराच्या दिशेने हवेतच थोडे पुढे झाले, चाचपडल्यासारखे, आणि तसेच राहिले.

तेव्हा मला समजलं की ती वेणी माझ्यासाठी नव्हती. माझी चेष्टा करायला नव्हती, मला खूण करायलाही नव्हती. एक बाजू घालून झाली होती. दुसरी राहिली होती.

"बाबा, ऐकताय का?" पावलं वर येत होती.

तुम्हाला खरं सांगतो. मी लगेच काही केलं नाही. भिंगरी दारात आली असती तर ते डोकं पूर्ण वर आलं असतं. मला चेहरा दिसला असता. समोरून नाही तर बाजूने, पण दिसला असता. इतकी वर्षं मी दुसरं काय मागत होतो? एक-दोन पायऱ्या तेवढ्या राहिल्या होत्या. आणि भिंगरीला मी ओळखतो. ती "काय बघताय" म्हणून विचारणार आणि उत्तराची वाट न बघता ट्रेवर वाकणार. लहानपणापासून तशीच आहे. आणि "बस इथेच" म्हटलं की बसून राहणारी पोर आहे ती.

केस आणखी थोडे पुढे झाले.

मी कागद उचलला. घाई केली नाही. घाईने उचललं की फाटतं, आणि मला तिला फाडायचं नव्हतं. एका कडेने सावकाश, शिकलो होतो तसा. भरलेली बादली उचलावी तसा तो जड लागला. पाणी ओघळत राहिलं, दोन बोटांचं नव्हे, पुष्कळ. माझी चप्पल भिजली, फरशी भिजली. मग कागद एकदम हलका झाला.

"हे काय?" भिंगरी दारात उभी होती, हातात मफलर. "अंघोळ केलीत का? आणि रडताय?"

"पाणी उडालं."

तिने मानेवरून हात फिरवला. "खिडकी बंद करा ती. मानेला गार लागलं."

कागदावर वेणी नव्हती. भांग नव्हता. वीतभर शेवाळ होतं, आणि त्याची झाडून सगळी टोकं एका बाजूला वळलेली होती. मी कुंचला घेतला आणि ठेवून दिला. तशीच राहू दिली. मलमल घातली, टीपकागद घातला आणि स्क्रू आवळले, हात दुखेपर्यंत. कान लावून ऐकलं. नळ ठिबकत होता, बाकी काही नाही.

"मफलर घे," मी म्हटलं. "आणि बाईला फोन लाव. तिला सांग, दे म्हणावं नाव."

भिंगरी जवळ येऊन माझ्या पाठीवर हात ठेवणार होती, पण मी तिला आधी खोलीबाहेर काढलं. मग ट्रे रिकामा केला, पुसला आणि पालथा घातला.

८

आता मी भिंगरीकडे असतो. इथून समुद्र दिसत नाही, वासही येत नाही. अंघोळीचं पाणी मी बादलीत ठेवत नाही, नळाखालीच उभा राहतो. जावई विचारत नाही. म्हटलं ना, भला माणूस आहे.

काल बाईचं पाकीट आलं. वर्णन छापून आलंय, परक्या भाषेत. तिने सोबत माझ्यासाठी आपल्या भाषेत करून पाठवलंय आणि वर लिहिलंय, "काका, मूळ नमुना पोहोचला. सगळे म्हणतात, फार जिवंत लावलाय."

माझा चष्मा कुठे आहे मला माहीत होतं, पण मी भिंगरीला वाचायला सांगितलं. ती खिडकीशी बसली.

"आईचं नाव आहे बाबा. शेवटी त्यांनी काहीतरी शेपूट जोडलंय, पण आईचंच आहे." तिने पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "उंची वीतभर. रंग गडद लाल, वाळल्यावर काळपट. बुंध्याशी लहान चकती, तिने खडकाला घट्ट धरलेलं. फांद्या केसासारख्या, मूळ नमुन्यात सर्व एकाच बाजूस वळलेल्या."

वाचताना तिचे केस सारखे पुढे येत होते. मी आल्यापासून ती न्हाव्याकडे गेलेली नाही. खांद्यापर्यंत आलेत.

"केस वाढवतेयस?" मी विचारलं.

"असंच. राहून गेलं कापायचं."

"काप."

"बरं बाबा, कापते. ऐका ना पुढे, दोनच ओळी आहेत. मादी आढळली. फुगवटे मण्यांसारखे, फांद्यांच्या टोकांशी." तिने कागद उजेडाकडे धरला. "नर आढळला नाही."

मी म्हटलं, "पुन्हा वाच."

तिने एका बाजूचे केस कानामागे सारले, दुसऱ्या बाजूचे तसेच राहू दिले, आणि पुन्हा वाचलं.